त्याची हौस, तिची ढाल

महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख कशावर लिहावा याचे काही अलिखित संकेत आहेत. शिक्षणपद्धतीचे दोष, ग्रामीण साहित्याचे भवितव्य, आवडलेले पुस्तक, फार तर युवकांपुढील आव्हाने. या मानकऱ्यांच्या पंगतीत माझा विषय आणून बसवायचा म्हणजे सोवळ्यातल्या जेवणावळीत बूट घालून शिरण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही लिहितो, कारण ज्या गोष्टीत आपले अर्धेअधिक वर्गबंधू रोज रात्री दोन-तीन तास घालवतात त्या गोष्टीबद्दल वार्षिकात अवाक्षरही नसावे, हे मला बरे वाटत नाही.

विषय असा आहे: संगणकावर किंवा मोबाइलवर गेम खेळणारे मुलगे, खेळातले आपले पात्र निवडण्याची वेळ आली की पुष्कळदा स्त्रीचे पात्र निवडतात. ते का?

ज्या गुरुजनांचा या क्षेत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. बहुतेक खेळांत प्रारंभीच एक प्रश्न विचारला जातो. पुरुष की स्त्री? मग चेहरा निवडायचा, केस निवडायचे, कपडे निवडायचे. त्यानंतर पडद्यावर जी आकृती धावते, उड्या मारते, बंदूक चालवते, ती म्हणजे तुम्ही. आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरमध्ये ज्या 'पबजी'वर सरकारने बंदी घातली आणि २०२१ साली जो 'बीजीएमआय' या नावाने पुन्हा अवतरला, त्या खेळातही हीच रीत आहे. आमच्या वसतिगृहात रात्री जेवणानंतर चौघेचौघे जमतात तेव्हा त्या चौघांच्या पडद्यावर एखादी तरी वेणी उडताना दिसतेच. वेणीचा मालक मात्र दोन दिवस दाढी न केलेला असतो.

ही एखाद्या विक्षिप्ताची गोष्ट आहे असे समजू नये. क्वांटिक फाउंड्री नावाची एक अमेरिकन संस्था खेळाडूंच्या आवडीनिवडींचा अभ्यास करते. तिने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे तिघांपैकी एक पुरुष स्त्री-पात्र पसंत करतो. पुरुषपात्र पसंत करणाऱ्या स्त्रिया त्या मानाने पुष्कळच कमी निघाल्या. तेव्हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या लहरीचा नाही, प्रवृत्तीचा आहे. आणि प्रवृत्तीचा प्रश्न आला की कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हात झटकून चालत नाही.

मी स्वतः असाच खेळतो. माझे पात्र स्त्रीचे आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोध लावल्याचा आनंद घ्यायला नको.

मुलांना याचे कारण विचारले तर एक ठरलेले उत्तर येते. "अरे, तासन्‌तास कुणाची तरी पाठच बघायची आहे ना? मग ती एखाद्या रेड्याची कशाला बघू?" हे म्हणताना तो डोळा मिचकावतो, बाकीचे हसतात आणि विषय संपतो. या उत्तरात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अनेक खेळांत दृश्य पात्राच्या पाठीमागून दिसते, हे खरेच आहे. इंग्लंडमधील डर्बी येथल्या कोअर डिझाइन कंपनीने १९९६ साली 'टूम्ब रेडर' हा खेळ काढला. त्याचा नायक प्रथम पुरुषच असायचा होता. तो इंडियाना जोन्ससारखा फार दिसतो असे वाटल्याने टोबी गार्ड या चित्रकाराने त्याच्या जागी स्त्री आणली आणि लारा क्रॉफ्ट जन्माला आली. पुढे तिच्या आकृतीची जाहिरात ज्या थाटात झाली ती पाहता, गिऱ्हाईक कोण आणि माल कोणता याविषयी विक्रेत्यांच्या मनात काही संदेह होता असे दिसत नाही.

परंतु पाठ पाहण्याची गोडी हेच जर संपूर्ण कारण असेल तर एका गोष्टीचा उलगडा होत नाही. चित्रे येण्याच्या पूर्वीही हे चालत होते. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नावाला नव्हते. पडद्यावर केवळ अक्षरे. तुम्ही एका खोलीत आहात, उत्तरेस दार आहे, अशी वाक्ये वाचायची आणि काय करायचे ते टंकून कळवायचे. याच वंशातला 'लॅम्डामू' हा खेळ १९९० साली अमेरिकेत पॅव्हेल कर्टिस यांनी सुरू केला. तिथे बहुसंख्य खेळाडू पुरुष होते आणि त्यांतले काही स्त्री म्हणून वावरत होते, असे कर्टिस यांनी १९९२ साली लिहून ठेवले आहे. आता मला सांगा, तिथे कुणाची पाठ होती? काळ्या पडद्यावरच्या अक्षरांना ना कटी, ना केशसंभार. तरीही पुरुषाला 'ती' व्हावेसे वाटले. म्हणजे डोळ्यांच्या सुखापलीकडे आणखी काही आहे, आणि ते डोळा मिचकावून झाकले जाते.

दुसरे उत्तर व्यवहारी मंडळींचे. स्त्री-पात्र घेतले की अनोळखी खेळाडू मदत करतात, चांगली शस्त्रे देतात, जखमी झाल्यास धावत येतात. लॅम्डामूमध्येही स्त्री म्हणून वावरणाऱ्याला विशेष वागणूक मिळत असे. ही एक प्रकारची व्यापारी हुशारी झाली. जत्रेत बाळाला कडेवर घेतले की रांगेत पुढे सोडतात, तसलीच. मात्र यानेही प्रश्न सुटत नाही. कित्येक खेळ एकट्याने खेळायचे असतात. बंद खोलीत, मध्यरात्री, दुसरे कुणी नसताना. तिथे शस्त्र द्यायला कोण येणार? तरीही हातात निवड असते तेव्हा मुलगा स्त्री होतो.

तिसरे उत्तर खेळाडूंचे नसून बघ्यांचे असते आणि ते उत्तर नसून शिवी असते. ती शिवी मी येथे लिहीत नाही. वाचकांपैकी ज्यांनी शाळेत चित्रकलेच्या वहीला फुलाफुलांचे वेष्टन घातले असेल, किंवा स्नेहसंमेलनात नाचात भाग घेतला असेल, त्यांना ती ठाऊक आहे.

या शिवीचाच थोडा विचार करू. पुरुषाने स्त्री होणे ही जर विकृती असेल तर मराठी साहित्याचा अभ्यासक्रम उद्यापासून बंद करावा लागेल. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी कुणाच्या तोंडी आहेत? पंढरीच्या वाटेवर आजही ज्या गौळणी गाइल्या जातात त्यांत कृष्णाच्या खोड्यांची तक्रार करणारी 'मी' कोण आहे? एकनाथ, तुकाराम, दाढीमिशांचे हे पुरुष गौळण होऊन बोलले. एकनाथांनी भारुडांत तर संसाराला कावलेली बाईदेखील स्वतःच्या मुखी वसवली. शाहिरांच्या लावण्यांत बोलणारी नार कुणी घडवली? फेटेवाल्या शाहिरांनीच. आणि गद्याकडे यायचे तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी घ्या. १८९० नंतरच्या काळात एका पुरुषाने यमुना होऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत 'मी' म्हणत, एका विधवेची कर्मकहाणी लिहिली. आपण ती अभ्यासाला लावली आहे. हरिभाऊंना कुणी विचारले नाही की, का हो, तुम्हांला बाई होण्याची हौस का?

रंगभूमीचे तर सांगायलाच नको. नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाने १९११ साली 'मानापमाना'तली भामिनी उभी केली, १९१६ साली 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याला'तली सिंधू. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणतो आणि ते नाव उच्चारताना आपला हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचे गजरे, यांचे अनुकरण कुलीन घरांतल्या स्त्रिया करीत. म्हणजे बाईसारखे कसे दिसावे हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या.

पण याच महाराष्ट्रात तमाशातल्या नाच्यालाही जन्म मिळाला, आणि त्याच्या वाट्याला मात्र टवाळी आली. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरून २०१० साली निघालेला चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पिळदार शरीराचा गुणा कलेसाठी नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठवते. एकाला शालजोडी आणि दुसऱ्याला दगड, असे का? दोघांनीही लुगडेच नेसले होते. माझ्या मते फरक एवढाच की बालगंधर्वांनी दाखवलेली स्त्री ही समाजाला हवी तशी होती, सुशील, सालंकृत, सोशिक; आणि नाच्या पाहताना समाजाला पुरुषपणाचे शिवण उसवताना दिसत होते. आदर किंवा तिरस्कार, दोन्ही आपण लुगड्याला करीत नाही. आपल्याला स्वतःविषयी काय ऐकायचे आहे त्यावर ते ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो आणि माझे मत मांडतो.

मला वाटते, आमच्या वयाच्या मुलाला पुरुष असण्याचा गणवेश चोवीस तास अंगावर वागवावा लागतो आणि तो घट्ट असतो. त्याने रडायचे नाही, घाबरायचे नाही, आरशासमोर फार वेळ उभे राहायचे नाही, रंगांविषयी बोलायचे नाही. घरच्या लग्नात चुलत बहिणी दोन-दोन तास साड्यांच्या काठांची चर्चा करतात आणि आम्हांला कुणीतरी पांढरा सदरा फेकून देते. असा मुलगा खेळात शिरतो आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढे केसांचे वीस प्रकार, ओढण्या, झगे, कानातले मांडून ठेवलेले असतात. पुरुषपात्रासाठी बहुधा चिलखत आणि करडा रंग. मी स्वतः पाहिले आहे, कुस्तीच्या तालमीत जाणारा माझा एक मित्र आपल्या पात्राचा झगा निळा असावा की जांभळा यावर पाऊण तास घालवीत होता. त्या पाऊण तासात त्याच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता होती, तीत वासनेचा लवलेश नव्हता. लहान बहीण बाहुलीला नटवते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असते, तीच ती होती. आपण कुणी पाहत आहे हे ध्यानात येताच त्याने तोच पाठ पाहण्याचा विनोद केला. त्याला सुंदर काही करावेसे वाटत होते, हे सांगण्यापेक्षा आपण चावट आहोत हे सांगणे त्याला सोपे गेले. मला यात विनोदापेक्षा करुणच अधिक दिसते.

दुसरे असे की खेळ हा मुळातच स्वतःपासून सुटण्याचा उपाय आहे. पुरुष तर मी दिवसभर असतोच. रात्रीही तोच व्हायचे तर खेळायचे कशाला? आणि स्वतःसारखे पात्र पडले तर आपण पडल्यासारखे वाटते. दुसरेच कुणी असले की तिची काळजी वाटते, तिला सांभाळून न्यावेसे वाटते. कादंबरी वाचताना आपण यमुनेसाठी हळहळतो, ते आपण यमुना नसतो म्हणूनच. थोडे आत, थोडे बाहेर, अशा उंबरठ्यावर उभे राहण्यातच कलेचा आनंद आहे असे आम्हांला साहित्यविचाराच्या तासाला शिकवतात. तो उंबरठा मोबाइलच्या पडद्यावरही असू शकतो.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८६ साली 'मेट्रॉइड' नावाचा खेळ काढला, त्याची गंमत येथे सांगण्याजोगी आहे. त्यातला सेनानी सॅमस नखशिखान्त चिलखतात असे. खेळासोबतच्या इंग्रजी पुस्तिकेतही त्याचा उल्लेख पुरुष म्हणूनच होता. मात्र खेळ झटपट पुरा केला की शेवटी चिलखत उतरे आणि आत स्त्री निघे. किती मुलांनी दिवसेंदिवस तिच्या रूपाने पराक्रम गाजवला आणि त्यांना पत्ताही नव्हता! पराक्रमाला लिंग नसते हे कुठल्याही भाषणापेक्षा त्या एका क्षणाने अधिक चांगले सांगितले असेल.

येथवर वाचून कुणी म्हणेल की, झाले तर मग, मुलगे स्त्री होऊन खेळतात म्हणजे त्यांना स्त्रीचे मन कळू लागले, समतेचा सूर्य उगवला. वाचकहो, एवढ्या लवकर टाळ्या वाजवू नका. खरा लेख आता सुरू होतो.

रूपाचा माणसावर परिणाम होतो हे मान्य आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की पडद्यावर उंच रूप मिळालेली माणसे पैशाच्या वाटणीत अधिक हट्टाने वागतात आणि देखणे रूप मिळालेली माणसे परक्याच्या अधिक जवळ जाऊन उभी राहतात. पण स्त्रीचे रूप घेतले की पुरुष स्त्रीसारखा होतो का? २०१४ साली रोझा मिक्येल मार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात खास कामगिरी रचून ३७५ खेळाडूंचे वागणे टिपले. त्यांतल्या २३ टक्के पुरुषांनी स्त्री-पात्र घेतले होते, तर पुरुषपात्र घेणाऱ्या स्त्रिया ७ टक्के होत्या. निष्कर्ष मजेदार होता. स्त्री झालेल्या पुरुषांची भाषा थोडी बदलली, भावदर्शक चिन्हे वाढली, उद्गारचिन्हे वाढली. चालणे मात्र पुरुषाचेच राहिले. ते घोळक्यापासून दूर उभे राहत, उगाच उड्या मारत. आपण स्त्री आहोत असे भासवण्याचा त्यांचा हेतूही नव्हता. लुगडे नेसले, पण ढांगा तशाच!

म्हणजे रूप घेणे ही समजण्याची सुरुवात होऊ शकते, समजणे नव्हे. आणि ते समजण्याची संधी आमच्यासमोर रोज येते व आम्ही ती रोज हातची घालवतो, अशी माझी तक्रार आहे.

माझा अनुभव सांगतो. स्त्री-पात्र घेऊन मी अनोळखी खेळाडूंत जातो तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी विचारतेच, 'खरी मुलगी आहेस का?' लॅम्डामूच्या काळीही हाच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जाई, असे कर्टिस यांच्या लेखात आहे. तीन दशके उलटली तरी आम्ही त्याच पायरीवर आहोत. मग कुणी माइक चालू करायला सांगतो. कुणी नंबर मागतो. उत्तर दिले नाही तर भाषा बदलते. आधी 'जी', मग 'अगं', मग जे काही येते ते संपादकमंडळ छापणार नाही. मी काय करतो? माइक चालू करून माझ्या घोगऱ्या आवाजात एवढेच म्हणतो, "काय राव?" क्षणात शांतता. कुणी हसतो, कुणी 'सॉरी भाई' म्हणतो आणि आम्ही पुढच्या लढाईला लागतो. माझी सुटका दोन शब्दांत होते. माझा आवाज हे माझे पारपत्र आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी आहे. तिचे नाव अर्थातच लिहीत नाही. ती हा खेळ आमच्यातल्या बहुतेकांहून चांगला खेळते. तिचे पात्र पुरुषाचे आहे, नाव पुरुषी आहे आणि गेल्या दोन वर्षांत तिने अनोळखी माणसांत एकदाही माइक चालू केलेला नाही. या खेळात सोबत्यांशी बोलणे म्हणजे अर्धी लढाई. शत्रू कुठे आहे, कुणी कुठून जायचे, हे बोलूनच ठरते. ती मुकाट्याने खेळते आणि तरीही जिंकते. मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "तू मुलगी होतोस तेव्हा तुला गंमत वाटते. मी मुलगा होते तेव्हा मला खेळता येतं."

या दोन वाक्यांपुढे माझे वरचे सगळे पांडित्य फिके पडते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

पडद्यावर पाहिले तर आम्ही दोघे एकच कृती करीत आहोत, आपले नसलेले रूप धारण करीत आहोत. पण माझी ती हौस आहे आणि तिची ती ढाल आहे. माझे सोंग मला हवे तेव्हा उतरवता येते. तिने उतरवले की पुढचा खेळ खेळ राहत नाही. मी रूप घेतो ते काहीतरी मिळवण्यासाठी, मग ते सौंदर्य असो, कुतूहल असो वा फुकटची बंदूक असो. ती रूप घेते ते काही घडू नये म्हणून. तेव्हा 'मुलगे मुलगी होऊन का खेळतात' या प्रश्नाची चर्चा करताना 'मुलीला मुलगी म्हणून का खेळता येत नाही' हा प्रश्न वगळला तर आपली चर्चा बालगंधर्वांच्या काळातच थबकली असे म्हणावे लागेल. त्या काळी रंगमंचावर सुंदर स्त्रिया होत्या, फक्त बायका नव्हत्या. प्रतिष्ठित नाटकमंडळ्यांत स्त्रीला जागा नव्हती आणि १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या ही तेव्हा नवलाची घटना ठरली. आजच्या रात्रीच्या खेळात वेण्या पुष्कळ उडताना दिसतात. त्यांतल्या किती वेण्यांखाली मुली आहेत?

बालगंधर्वांची थोरवी यामुळे तसूभर कमी होत नाही. परंतु पुरुषांनी घडवलेली स्त्री ही पुरुषांच्या मापाची होते हा धोका तेव्हा होता आणि आजही आहे. लारा क्रॉफ्टचेच पाहा. वर्षानुवर्षे तिची आकृती विकली गेली. २०१३ साली तो खेळ नव्याने रचला गेला तेव्हा त्याच्या लेखनाची मुख्य जबाबदारी ऱ्हियाना प्रॅचेट या लेखिकेकडे होती. त्या खेळातली लारा थरथरते, जखमी होते, घाबरते आणि उठते. ती पाठमोरी असली तरी तिला चेहरा आहे. जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्या पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, एवढीच कथा. तिथे पुरुष की स्त्री असा प्रश्नच विचारला जात नाही. खेळायचे तर राजी होऊनच खेळावे लागते. ज्या मुलांनी तो खेळला त्यांच्यापैकी कुणाचेही पुरुषत्व गळून पडल्याचे ऐकिवात नाही.

मग आम्ही करावे काय? उपदेश करण्याचे माझे वय नाही आणि वार्षिकात उपदेशाला तोटाही नाही. तरी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, मुलांनो, पाठ पाहण्याचा तो विनोद आता पुरे करा. तुम्हांला ते पात्र आवडते, तिला सजवायला आवडते, तिच्या रूपाने हिंडायला मोकळे वाटते, तर तसे म्हणा. आपल्या भाषेतले थोर पुरुष सातशे वर्षांपूर्वी हे उघडपणे करून गेले आहेत. त्यांची लाज वाटत नसेल तर तुमचीही वाटण्याचे कारण नाही.

दुसरी, तुमच्या पात्राला जे संदेश येतात ते नीट वाचा. ते तुम्हांला आलेले नसतात, हे खरे. पण ते कुणाला तरी येतच असतात. 'काय राव' म्हणून सुटण्यापूर्वी एखादा मिनिट गप्प राहून पाहा. आवाज नसलेल्या माणसाला ते मिनिट किती लांब वाटते, ते कळेल. आणि तुमच्याच चौकडीतला कुणी दुसऱ्या एखाद्या पात्राला तसले काही लिहीत असेल तर तो तुमच्या शेजारच्या खाटेवरच बसलेला आहे, त्याचा मोबाइल खाली ठेवायला लावा. यासाठी कायदा लागत नाही, समिती लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी, आणि विशेषतः विद्यार्थी प्रतिनिधींसाठी आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात मोबाइल खेळांची स्पर्धा झाली. बत्तीस नावे आली आणि त्यांत एकही मुलीचे नाव नव्हते. मुलींना रस नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. मी वर लिहिले आहे की आपल्या वर्गात आमच्याहून चांगली खेळणारी एक आहे; इतर वर्गांत किती आहेत हे कुणी विचारले का? संगीताच्या स्पर्धेला, वक्तृत्वाच्या स्पर्धेला आपण वर्गावर्गांत जाऊन नावे गोळा करतो. या स्पर्धेची सूचना मात्र फक्त मुलांच्या वसतिगृहाच्या फलकावर लागली होती. पुढच्या वर्षी ती मुलींच्या दालनातही लागावी. सामने रात्री खोल्यांत न होता दिवसा सभागृहात, सर्वांसमक्ष व्हावेत. खेळाडू समोरासमोर बसले की जिभा आपोआप सरळ होतात.

पुरुषाने स्त्री होऊन खेळावे, खुशाल खेळावे. मीही खेळणार आहे. मात्र ज्या दिवशी आमच्या वर्गातली ती मुलगी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात, तिला हवे ते पात्र घेऊन उतरेल, त्या दिवशी आमच्या निवडीला खऱ्या अर्थाने निवड म्हणता येईल. तोवर एका बाजूला चैन आणि दुसऱ्या बाजूला नाइलाज, असाच हा हिशेब राहणार.